घाट उतरल्यावरची थरथर

आता त्या डोंगराच्या पोटातून बोगदा गेला आहे आणि खाडीवर पूल झाला आहे. डोंगरावरच्या ओव्रेदालहून निघालेला माणूस थर्मासातली कॉफी कोमट व्हायच्या आत खाडीपलीकडच्या वीकानेला पोहोचतो आणि वाटेत कोणाशी बोलतही नाही. पण ज्यांनी चौसष्ट सालचा वसंत पाहिला आहे, त्यांची मान घाटाच्या पायथ्याशी, स्तोरनेसच्या जुन्या धक्क्यावर उभं राहिलं की अजूनही आपोआप वर, घाटाकडे वळते. त्या काळी बोट सुटायच्या वेळी सगळा धक्काच तसा मान वर करून उभा असायचा. राग्नाची काळी टॅक्सी येते की नाही, हे बघायला.

ती यायचीच. आधी उंचावर, छोट्या चर्चच्या वळणावर, झुरळाएवढा काळा ठिपका दिसायचा. मग बोटीचा कप्तान आयलेव भोंग्याची दोरी दोनदा ओढायचा. म्हणजे, दिसलीस, थांबतो, पण रेंगाळू नकोस. त्यानंतर गाडी बर्चच्या रानात गडप व्हायची आणि धक्क्यावरची माणसं श्वास रोखून लाकडाच्या गिरणीपाशी डोळे लावून बसायची. तिथून ती बाहेर पडली की शेवटचा सरळ उतार. चाकांतून जळका वास येतोय, मागे धूळ उडतेय, आणि गाडी तशीच्या तशी बोटीच्या फळीवरून आत. सगळ्यांत शेवटची, अगदी कडेला. तिच्या मागे एक साखळी आणि साखळीमागे खाडीचं पाणी. त्यामुळे राग्ना हँडब्रेक ओढायची तो दोन्ही हातांनी, कर्रकन, दात आवळून. मग वर उपाहारगृहात जाऊन लोणी-साखर लावलेलं जाड गोड धिरडं खात लोकांचं कौतुक ऐकायची.

या कौतुकाला कारण होतं. तिचा नवरा ओलाउस गेला तेव्हा टॅक्सीचा परवाना तिच्या नावावर झाला. त्या वेळी वीकानेच्या दूधडेअरीच्या पायरीवर बसून पुरुषांनी बरंच काही बोलून घेतलं होतं. बाईमाणूस हिवाळ्यात घाट उतरणार का, आणि उतरली तरी बोट गाठणार का. राग्नाने उलट उत्तर दिलं नाही. तिने एकही बोट चुकवली नाही, बस. बाळंतिणी नेल्या, नवऱ्या मुली नेल्या, एकदा तर वाद्यांसकट अख्खा बँड नेला आणि ढोल छपरावर बांधला. हळूहळू पायरीवरचे आवाज बंद झाले.

आणि त्या वसंतात गाडी थरथरायला लागली.

ब्रेक दाबला नाही तर काही नाही, गाडी लोण्यासारखी चालायची. ब्रेक दाबला की मागची सीट अशी हलायची, की जणू खाली कोणी भरभर शिवणयंत्र चालवतंय. सुरुवातीला राग्नाने दुर्लक्ष केलं, नंतर दोनदा गॅरेजात नेली, पण थरथर परत आली. मग एका सोमवारी तिच्या मागच्या सीटवर वाहनतपासणीचे इन्स्पेक्टर तायगेन येऊन बसले. त्यांची स्वतःची गाडी वीकानेला होती आणि त्यांना ओव्रेदालहून खाली यायचं होतं. वीकानेला उतरून राग्नाने डेअरीच्या चौकात ब्रेक दाबला.

"राग्नाबाई, हे नेहमी असं होतं?" तायगेननी शांतपणे विचारलं.

"कसं?"

"माझे दात वाजतायत."

"थंडी आहे."

"थंडी काय फक्त ब्रेक दाबल्यावर पडते?"

तायगेन काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ सांगितलं, "गुरुवारी सकाळी मी ओव्रेदालला बस तपासायला येतोय. दुपारच्या बोटीने तुमच्याच गाडीतून परत जाईन आणि वीकानेला गाडी स्वतः चालवून बघेन. थरथरली, तर टॅक्सीची पाटी मला काढून घ्यावी लागेल. त्या घाटात तुम्ही माणसं नेता."

राग्ना त्या दिवशी धिरडं न खाताच परतली.

*

ओव्रेदालला एकच गॅरेज, योरुनचं. वडिलांचे गुडघे गेल्यावर ते तिच्याकडे आलं होतं. पंचविशीतली, बडबडी, कानामागे कायम पेन्सिल. तिने ती गाडी या महिन्यात दोनदा दुरुस्त केली होती आणि दोनदा बिघडलेली पाहिली होती. मंगळवारी राग्ना आत शिरली ती वादळासारखी.

"योरुन, तुझा लेथ वाकडा आहे."

"राग्नामावशी, आधी बस तरी."

"बसत नाही. बसूनच ही अवस्था झाली. काय केलंस तू माझ्या गाडीचं?"

"जे करायचं ते सगळं. पहिल्यांदा मला वाटलं टायर. चाकं अदलाबदल करून पाहिली, तसूभर फरक नाही. टायर असता तर ब्रेक न दाबताही हादरला असता. मग स्टिअरिंग बघितलं. तुझ्या हातात स्टिअरिंग हलतं का?"

"नाही. बूड हलतं."

"तेच म्हणतेय. पुढची चाकं असती तर हात हलले असते. बूड हलतंय म्हणजे मागची. मग मी काय केलं, सपाट रस्त्यावर गाडी हळू सोडली, पायाचा ब्रेक दाबलाच नाही, नुसता हँडब्रेक हलक्या हाताने ओढला. लगेच धडधड. हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, म्हणून मागच्या चाकांतले ड्रम, ब्रेक ज्यांना आतून दाबून धरतो त्या लोखंडी वाट्या, खोलले, काट्याचं माप लावलं. काटा नाचला बघ. गोल नव्हते ते, अंड्यासारखे झाले होते. लेथवर गोल केले. तू घेऊन गेलीस तेव्हा थरथर होती का?"

"नव्हती," राग्नाने नाइलाजाने कबूल केलं.

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हाही नव्हती. पण आठवडा गेला नाही तोच पुन्हा सुरू."

"मग लेथ वाकडा कसा गं, मावशी? वाकड्या लेथवरून निघालेला ड्रम पहिल्याच दिवशी ओरडला असता."

राग्ना आता बसली. उलट्या ठेवलेल्या टायरवर. योरुनने ड्रम पुन्हा खोलले, माप लावलं, आणि दोघी एका काट्याकडे बघत राहिल्या. काटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"पुन्हा अंडं," योरुन म्हणाली. तिचा आवाज मात्र उदास नव्हता. उलट तिने कानामागची पेन्सिल काढून चावायला घेतली, आणि ज्यांनी तिला लहानपणापासून पाहिलं होतं त्यांना कळलं असतं की पोरीला चेव चढलाय. "म्हणजे ड्रममध्ये खोट नाही. मी गोल देते. तू अंडं आणतेस. मधे काहीतरी होतंय, मावशी. तू काय करतेस यांना?"

"मी काय करणार? चालवते."

"उद्या मी तुझ्याबरोबर येते. दिवसभर. मागच्या सीटवर."

"आणि इथे गॅरेज?"

"बाबा आहेत. खुर्चीत बसून लोकांना शिव्या देणं त्यांना अजून जमतं."

त्या संध्याकाळी तिने ड्रम पुन्हा गोल केले. काढताना जाडी मोजली आणि ओठ मुडपले. "अजून एकदा कातता येईल. अगदी कागदासारखा थर. त्यानंतर मात्र हे ड्रम भंगारात, आणि नवे शहराहून यायला दोन आठवडे."

गुरुवारला एकच दिवस मधे होता.

*

बुधवारी योरुन मागच्या सीटवर मधोमध बसली, दोन्ही तळवे सीटवर टेकवून, डोळे मिटून. वैद्य जशी नाडी बघतो तशी. राग्ना नेहमीसारखीच निघाली, म्हणजे नेहमीसारखीच उशिरा. शेजारणीशी दोन शब्द, पोस्टातून पार्सल, मग घड्याळाकडे बघून "अगंबाई" आणि मग घाट.

योरुन याच गावात जन्मली होती, पण राग्नाच्या गाडीतून बोट गाठायची वेळ तिच्यावर आली नव्हती. पहिल्या तीन वळणांत तिने डोळे उघडले. चौथ्या वळणावर पुन्हा मिटले.

"मावशी, हा धबधबा होता?"

"असेल. मी बघत नाही. मी आयलेवकडे बघते."

खालून दोन भोंगे आले. राग्नाच्या चेहऱ्यावर लगेच लाली चढली, आणि ती अशी सुटली की मागे बसलेली योरुन आधी एका दाराला लागली, मग दुसऱ्या. ब्रेक, वळण, ब्रेक, वळण. पण थरथर नाही. गिरणीपाशी ब्रेक, थरथर नाही. उताराच्या पायथ्याशी जोरात ब्रेक, तरीही नाही. गाडी फळीवरून आत गेली, धक्क्यावरच्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या, खलाशाने साखळी लावली. राग्नाने कर्रकन हँडब्रेक ओढला.

"काही नाही," योरुन म्हणाली. "इथपर्यंत एकदम गोल."

बोट हलली. राग्ना धिरडं खायला निघाली, पण योरुन खाली वाकून गाडीच्या चाकाशी हात नेत होती. तिने बोट टेकवलं आणि लगेच तोंडात घातलं.

"काय झालं?"

"भाजलं. थांब, जाऊ नकोस."

योरुन पुढच्या गाड्यांकडे धावली. दूधवाल्याचा ट्रक, शिक्षकांची छोटी निळी गाडी, पाद्रीबुवांची गाडी. प्रत्येकीच्या चाकापाशी बसून तळहात लावत होती. पाद्रीबुवांनी काच खाली करून विचारलं, "काही हरवलं का, योरुन?" ती म्हणाली, "हो, गारवा शोधतेय," आणि पुढे गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"सगळ्यांची चाकं गार. पाद्रीबुवांची तर बर्फासारखी. ते किती आधी आले?"

"ते पहाटेच येऊन बसतात. प्रवचन लिहितात गाडीत."

तेवढ्यात एक लाट बोटीच्या मागच्या कडेवर आपटली आणि खारे तुषार उडाले. काळ्या टॅक्सीच्या चारही चाकांतून चर्रर्र असा आवाज आला आणि वाफ निघाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पाणी," योरुन जवळजवळ ओरडली. "मावशी, पाणी. तापलेल्या लोखंडावर गार पाणी. सापडलं. पोती बांधायची चाकांवर, झालं."

वीकानेला उतरून डेअरीच्या चौकात राग्नाने ब्रेक दाबला. सीटखाली अगदी हलकी, मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर उठली. योरुनने दोन्ही हात हवेत उंचावले. थरथर आली म्हणून आनंदाने हात उंचावणारी बाई राग्नाने पहिल्यांदाच पाहिली. पण तिने स्वतः मात्र गाडी कडेला घेऊन थांबवली.

"काय झालं, मावशी?"

"योरुन, पाणी चारही चाकांवर उडालं. चारहीतून वाफ आली. मग पुढची दोन का नाही थरथरत?"

योरुनचे हात खाली आले. तिने पेन्सिल शोधली, सापडली नाही.

राग्ना आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. तो अजून हँडब्रेकच्या दांड्यावर होता. सवयीने.

"काल तू काय म्हणालीस? हा मागच्याच चाकांना असतो."

"हो."

"आम्ही घरी तपकिरी चीज करायचो," राग्ना हळूहळू बोलत होती, जणू एकेक शब्द चाचपून बघत होती. "उकळून उकळून दाट झालं की गरम असतानाच साच्यात ओतायचं. गार झाल्यावर साचा काढला की वडी साच्यासारखी. साचा तिरका असला तर वडी तिरकी. मग तू कितीही थोपट, ती सरळ होत नाही."

योरुन सीटवरून पुढे झुकली.

"मी तापलेले ड्रम घेऊन बोटीत येते," राग्ना म्हणाली, "आणि हँडब्रेक आवळून त्यांना आतून दोन्ही बाजूंनी ताणून धरते. जीव खाऊन. कारण मी कडेला असते, मागे समुद्र असतो. आणि खाडी ओलांडेपर्यंत ते तसेच ताणलेले गार होतात. पाणी फक्त घाई करतं."

"अंडं," योरुन कुजबुजली. मग हसायलाच लागली, पोट धरून. "मावशी, साचा तू आहेस. पाद्रीबुवाही हँडब्रेक ओढतात, पण त्यांची चाकं तोवर गार झालेली असतात. अख्ख्या खाडीवर तापलेल्या चाकांनी येणारं माणूस एकच. इतकी वर्षं ड्रम जाड होते म्हणून सोसलं, आता झिजून पातळ झालेत."

"हसू नकोस."

"हसत नाही. म्हणजे हसतेय, पण तुला नाही."

राग्नाला मात्र हसू येईना. ओलाउस गेल्यापासून ज्या गोष्टीवर ती ताठ मानेने जगली होती, तीच गोष्ट तिच्या गाडीची चाकं वाकवत होती. तिने खिडकीची काच खाली केली आणि खारा वारा तोंडावर घेतला.

"उद्या तायगेन," ती म्हणाली. "घरी जाऊन ते शेवटचं कातकाम कर. आणि उद्या तू पुढे बस माझ्याजवळ. माझा पाय चुकायला लागला तर चिमटा काढ."

*

गुरुवारी राग्ना वेळेवर निघणार होती. कपडे करून, कॉफी पिऊन तयार होती. पण तायगेननी बसच्या दिव्यांशी झगडण्यात उशीर केला, आणि वर म्हाताऱ्या निकोलिनाबाई नव्या दातांसाठी वीकानेला जायच्या होत्या, त्या घरी पिशवी विसरून आल्या. घाटाच्या तोंडाशी गाडी आली तेव्हा वेळ नेहमीसारखीच झाली होती. फरक इतकाच की आज उशीर राग्नाचा नव्हता.

तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. डिझेलच्या इंजिनाने मोठ्ठा आवाज करून गाडीला मागे ओढलं. ब्रेकवर पाय नाही. योरुनने नुसती मान डोलावली.

चर्चच्या वळणावर खालून दोन भोंगे आले.

राग्नाचा पाय आपोआप उचलला गेला. गिअर बदलायचा, सुटायचं, हे तिच्या हाडात बसलेलं. योरुनने खरोखरच चिमटा काढला. पाय खाली आला.

"राग्नाबाई," मागून तायगेन म्हणाले, "बोट."

"दिसतेय मला."

"वीकानेला माझ्यासाठी सहा ट्रक रांगेत उभे आहेत. जरा हाकलता का?"

"साहेब, तुम्ही मला हाकलायला सांगताय? तुम्ही?"

तायगेन गडबडले. "म्हणजे नियमात राहून."

"या वेगाने गाई उतरतात," निकोलिनाबाई म्हणाल्या, पण त्या तक्रार करत नव्हत्या. त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. "अगं राग्ना, इथे धबधबा आहे. मी तुझ्या गाडीतून आजवर डोळे मिटून उतरले. मला वाटायचं तो आवाज तुझ्या इंजिनाचा."

पुन्हा दोन भोंगे. आता त्यात अधीरपणा होता. गाडी बर्चच्या रानात शिरली. कोवळी पानं काचेला घासत होती. खाली काही दिसत नव्हतं. राग्नाच्या कपाळावर घाम आला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं, की जणू कोणी ते हिसकावून नेतंय. इंजिन ओरडत होतं, गाडी रांगत होती, आणि तिच्या छातीत मात्र घोडे उधळले होते. आत्ता सोडलं तर अजून गाठता येईल. तीन वळणं, मग गिरणी, मग उतार. आजवर याहून कमी वेळात गाठली आहे. पायरीवरची ती माणसं आज ऐकतील. राग्ना चुकली म्हणतील.

"दुसराच," योरुन समोर बघत म्हणाली. "दुसराच गिअर, मावशी."

तेव्हा तिसऱ्यांदा भोंगा वाजला. एकच, लांबलचक. तो राग्नाने कधी गाडीतून ऐकला नव्हता, कारण तो बोट सुटल्याचा असतो आणि त्या वेळी ती बोटीतच असायची. पण आश्चर्य म्हणजे त्यानंतर हात सैल पडले. चुकायची ती चुकली. आता घाबरायला काही उरलं नव्हतं. उरलेला उतार ती निवांत उतरली आणि मधे एकदा तिनेही धबधब्याकडे नजर टाकली.

धक्का रिकामा होता. बोट खाडीच्या मध्यावर पोहोचत आली होती. राग्नाने गाडी सपाटीवर उभी केली, गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेकला हात लावला नाही. योरुनने आधीच उतरून चाकांना दगड लावले. तायगेन घड्याळ बघत होते.

"आता पुढची बोट केव्हा?"

"संध्याकाळी," राग्ना म्हणाली आणि थर्मास उघडला. "कॉफी घेता?"

"बाई, तुमची ख्याती वेगळीच ऐकली होती मी."

"ख्याती गेली आत्ताच. तुमच्या डोळ्यांसमोर."

तेवढ्यात निकोलिनाबाईंनी हात डोळ्यांवर धरला. "अगं, ती बोट बघा. वळतेय की काय?"

बोट खरंच वळत होती. खाडीच्या मधोमध एवढी मोठी बोट एका बाजूला कलून, पाणी फेसाळत, तोंड फिरवत होती. भोंगा थांबेचना. पुढच्या कडेवर माणसं ओळीने उभी होती, काहींच्या हातात दोरखंड, आणि खलाशांनी स्ट्रेचर बाहेर काढलं होतं. पाद्रीबुवांनी तर टोपी काढली होती. बोट धक्क्याला लागली न लागली तोच आयलेव स्वतः उडी मारून उतरला. तांबडी दाढी, तांबडा चेहरा, श्वास लागलेला.

"जिवंत आहेस?"

"कॉफी पितेय," राग्ना म्हणाली.

"आम्ही चर्चपाशी गाडी पाहिली. गिरणीपाशी आलीच नाहीस. मी म्हटलं, गेली. दरीत गेली. ओलाउसच्या बायकोने आजवर बोट चुकवली नाही, आज चुकवते म्हणजे गेलीच. डॉक्टरला वायरलेस केला मी. अख्खी बोट फिरवली. आणि तू इथे कॉफी पितेयस?"

"सावकाश आले, आयलेव."

"का?"

राग्नाने तायगेनकडे पाहिलं, मग बोटीवरून वाकून बघणाऱ्या सगळ्या चेहऱ्यांकडे. डेअरीच्या पायरीवरचे दोघेतिघेही त्यात होते. तिने हनुवटी वर केली.

"कारण इतकी वर्षं मी गाडी तापवून आणत होते आणि मग तुझ्या बोटीत हँडब्रेक आवळून गार करत होते. ड्रम वाकडे व्हायचे. मीच वाकवत होते. आज वाकवायचे नव्हते."

मग दूधवाला म्हणाला, "मग आता आम्ही बोट सुटताना बघायचं काय?" आणि सगळी बोट हसली. आयलेवसुद्धा, जरी तो दाढी खाजवून ते लपवत होता. फक्त तायगेन हसले नाहीत. ते वाकून मागच्या चाकाला हात लावत होते.

"कोमट," ते स्वतःशीच म्हणाले.

राग्नानेही हात लावला. मग मनगटाची आतली बाजू लावून पाहिली, बाळाचं दूध बघतात तशी. कोमट, खरंच. तोवर बोट लागलीच होती, गाडी आत गेली. खलाशी सवयीने म्हणाला, "हँडब्रेक." राग्नाने मान हलवली. "गिअर. आणि चारही चाकांना लाकडी ठोकळे." खलाशाने आयलेवकडे पाहिलं. आयलेव म्हणाला, "दे तिला काय हवं ते. नाहीतर पुन्हा बोट फिरवावी लागेल."

*

वीकानेला डेअरीमागे एक सरळ, सपाट रस्ता होता. ट्रकवाले रांगेत उभे राहून सिगारेटी ओढत होते. तायगेननी सांगितलं की गाडी ते चालवणार.

"मी कुठे बसू?" राग्नाने विचारलं.

"मागे. मी बसलो होतो तिथे. सगळं तिथेच कळतं."

राग्ना स्वतःच्या टॅक्सीत मागे कधीच बसली नव्हती. सीट मऊ होती. समोर तिचीच जागा, तिथे दुसऱ्याची मान. तिने योरुनसारखेच दोन्ही तळवे सीटवर टेकवले. हातमोजे आधीच काढले होते. योरुन रस्त्याच्या कडेला उभी होती, दोन्ही हातांनी पेन्सिल धरून.

गाडीने वेग घेतला. कुंपणाचे खांब एकमेकांत मिसळले. राग्नाचा श्वास वरच्या वर राहिला. तायगेननी ब्रेक दाबला, पूर्ण, बेधडक. ती पुढच्या सीटवर आपटली, पण तळवे तिने सोडले नाहीत. सीट शांत होती. झोपलेल्या मुलाच्या पाठीसारखी.

तायगेननी गाडी वळवली, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. मग हळू सोडून नुसता हँडब्रेक अलगद ओढला, जसा योरुनने ओढला होता. राग्नाने डोळे मिटले. कान, पाठ, मांड्या, बोटांची टोकं, सगळं एकाच गोष्टीची वाट बघत होतं आणि ती गोष्ट येत नव्हती. गाडी लोण्यात सुरी थांबावी तशी थांबली.

रस्त्याच्या कडेला योरुन एकटीच उड्या मारत होती. ट्रकवाले तिच्याकडे बघत होते.

तायगेननी आरशातून मागे पाहिलं. "काय जाणवलं, राग्नाबाई?"

"काही नाही," राग्ना म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "काहीच नाही हो. अजिबात काही नाही."

"मलाही नाही. पाटी राहू दे गाडीवर." त्यांनी दार उघडायला हात घातला.

"थांबा," राग्ना म्हणाली. तिने टोपी सावरली आणि मागच्या सीटवर नीट रेलून बसली. "अजून एकदा करा."

"आता कशाला? तपासणी झाली."

"तपासणी झाली, म्हणूनच," राग्ना म्हणाली. "आता नुसती मजा म्हणून."

तायगेननी रांगेतल्या ट्रकांकडे पाहिलं, मग आरशात तिच्याकडे. आणि गाडी पुन्हा रस्त्याच्या टोकाकडे वळवली.